मोरपंखी खोळ

विश्रांतवाडी, पुणे
शनिवार, ५ एप्रिल २०२५

चि. साई,

आशीर्वाद. ते निकालावर अवलंबून नसतात, म्हणून आधीच देऊन टाकते.

तू फोन उचलत नाहीस आणि मी पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्यांपैकी नाही, हे दोन्ही घरात सर्वमान्य आहे. आई उद्या दोन बस बदलून धायरीला तुझ्याकडे येणार आहे. तिच्या पिशवीत पुडाच्या वड्यांच्या डब्याखाली हे पत्र असेल. वड्या आधी खा. त्या गार झाल्या की तेलकट लागतात. पत्राला तशी भीती नाही.

तुझ्या चॅनलवरचा, दोन ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेचा नवा व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. त्यात मला चार चुका आढळल्या. पहिली: आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे चिमूटभर फरक डोंगराएवढा दिसतो. दुसरी: खोलीचे तापमान कुठेही सांगितलेले नाही. तिसरी: ‘मित्रांनो, सीधी बात, डोळे झाकून हेच घ्या’ हे वाक्य. डोळे झाकायचेच असतील तर माणसाला ग्राफिक्स कार्ड लागते कशाला? चौथी चूक खुद्द निकालाची आहे आणि ती गंभीर आहे.

याच दोन कार्डांची तुलना मी आपल्या वेबसाइटवर तुझ्या आधी प्रसिद्ध केली आहे. (‘आपल्या’ हा शब्द सवयीने लिहिला गेला. राहू दे. खाडाखोड मला आवडत नाही.) बाहेरच्या जगात त्या कार्डांना कंपन्यांची नावे आहेत, आपल्या घरात कार्ड त्याच्या खोळीच्या रंगाने ओळखले जाते, म्हणून इथेही एक मोरपंखी आणि दुसरे डाळिंबी. माझ्या मोजणीत शर्यतीच्या, युद्धाच्या आणि जंगलात भटकण्याच्या, तिन्ही गेममध्ये डाळिंबी पुढे आहे. तुझ्या मोजणीत मोरपंखी. तीच कार्डे, तेच गेम. दोघांपैकी एकजण चुकतो आहे, आणि मी कशी मोजते हे तुला ठाऊक आहे.

तरीही उजळणी करते, कारण सिंहगड रस्त्याच्या गर्दीत विसर पडला असावा. मोजणाऱ्याला यंत्रात कोणत्या कंपनीचे कार्ड आहे हे कळता कामा नये. कळले की मन आवडत्याकडे झुकते. म्हणून एकाने आत कार्ड बसवायचे, नाव चमकते त्या कडेवर आईने ब्लाउजपीसची शिवलेली खोळ चढवायची, पंखे मात्र उघडे ठेवायचे, आणि दुसऱ्याने तोवर दार लावून बाहेरच्या खोलीत बसायचे. निकाल लिहून झाला की मगच खोळ काढायची. तू बसवायचास, मी मोजायचे. दिवाळीत तू गेल्यापासून कार्डे आई बसवते. हसू नकोस. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “कुकरच्या झाकणापेक्षा सोपं हाये बाप्पा हे,” आणि खरोखर, तुझ्याप्रमाणे तिने एकही स्क्रू कधी हरवलेला नाही.

शिवाय तू म्हणतोस की मोरपंखी ‘विमानासारखं ओरडतं’. विश्रांतवाडीत वाढलेल्या मुलाने विमानाची उपमा जपून वापरावी. आपल्या गच्चीवरून ती दिवसभर जातात. इथे ते कार्ड मांजरासारखे शांत आहे. बाबा भोसरीची रात्रपाळी करून दिवसा पलीकडच्या खोलीत झोपतात, आणि मोरपंखी चालू असताना कूससुद्धा बदलत नाहीत. डाळिंबी सुरू झाले की मात्र झोपेतच कूस बदलतात आणि पुटपुटतात, “चहा झाला का?” ज्याला दोन आवाजांतला फरक कळत नाही त्याच्या बाकीच्या मोजणीवर मी काय विश्वास ठेवू?

आता मुद्द्याचे. आपल्या एका वाचकाने लिहिले आहे की कंपनीने तुझे हात ओले केले असावेत. त्याला मी उत्तर दिलेले नाही. पुढच्या रविवारपर्यंत तू तुझी मोजणी मला समजावून दे. नाही दिलीस तर शुक्रवारी, १८ तारखेला, तुझ्या निकालाचे खंडन मला प्रसिद्ध करावे लागेल, आणि तेही तुझे नाव घेऊन. त्यानंतर कोणती कंपनी तुला तपासायला कार्ड पाठवील, आणि तू धायरीत कशावर राहशील, हे मला कळते. कळते म्हणूनच हे पत्र आहे.

आई म्हणाली की तुझ्या खोलीवर पत्रा आहे. एप्रिलमध्ये पत्र्याखाली यंत्रे आणि माणसे दोन्ही मंदावतात. दुपारी खिडकीला ओली चादर लावत जा.

तुझी ताई


विश्रांतवाडी
शनिवार, १२ एप्रिल

चि. साई,

डबा घासून परत आला. ही सुधारणा नोंदवून ठेवते.

उत्तर डब्यात नव्हते. ते आईच्या तोंडून आले. चप्पल काढता काढताच ती म्हणाली, “त्याले म्हटलं, ताईले दोन ओळी लिहून दे. तं म्हणे, तिला सांग, इकडे ये आन् स्वतः मोज.” मी विचारले, आणखी काय म्हणाला? “आनखी म्हणे वड्या कमी पडल्या.”

तुझ्या खोलीत येऊन मोजणे शक्य नाही, कारण तिथे तापमान स्थिर नाही. हे कारण खरे आहे. ते एकमेव आहे असे मी म्हटलेले नाही.

त्याऐवजी या आठवड्यात मी सर्व काही पुन्हा मोजले. आता कोणत्या खोळीत कोणती कंपनी आहे हे मला ठाऊक आहे. तरीही खोळ चढवूनच मोजले, कारण नियम हा माणसाच्या सोयीप्रमाणे उतरवून ठेवायचा अंगरखा नव्हे. निकाल केसभरही हलला नाही. सरासरीत मोरपंखी थोडेसेच मागे आहे, पण सरासरी लबाड असते हे मी तुला कॉलेजात असल्यापासून शिकवत आले आहे. पडद्यावर शंभर चित्रे धावली, नव्व्याण्णव झरझर गेली आणि एक अडखळले, तर खेळणाऱ्याला ते एकच आठवते. म्हणून नेहमीप्रमाणे सर्वांत मंद एक टक्का मी वेगळा काढला. तिथे मोरपंखी साफ कोसळते. संख्याशास्त्रातली माझी डॉक्टरेट बाजूला ठेवली, तरी इतके कुणालाही दिसावे.

एक लहानशी गोष्ट तेवढी बसत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिले आहे त्यापेक्षा ते कार्ड इथे बरीच कमी वीज घेते. माहितीपत्रके अंदाजाने लिहिलेली असतात, असा अर्थ मी लावला आहे.

खंडनाचा लेख तयार आहे. ‘हा निकाल स्वतंत्रपणे काढलेला दिसत नाही’ असे एक वाक्य त्यात आहे. ते मी लिहिते, खोडते आणि पुन्हा लिहिते. खाडाखोडीबद्दलचे माझे मत मागच्या पत्रात आलेच आहे.

काल कामावर निघताना बाबांनी बुटांच्या नाड्या बांधत विचारले, “काय लिहून राह्यली?”

मी म्हणाले, “साईची चूक.”

“मोठी हाये का?”

“खूप.”

“मंग डब्यात काहून पाठवतं? त्यालेच बोलाव ना.”

“तो येणार नाही.”

“इचारलं का?”

आणि ते गेले. बाबा फार कमी बोलतात, हा त्यांचा गुण आहे असे मला काल संध्याकाळपर्यंत वाटत असे.

दिवाळीत बॅग भरताना तू म्हणालास, “ताई, या घरात माणसं तुझ्या टॉलरन्समध्ये बसत नाहीत.” त्यावर मी, ‘सह्य मर्यादा’ असा मराठी शब्द आहे, एवढेच म्हणाले होते. तू दार ओढून घेतलेस. शब्द बरोबर होता. त्या वेळी दुसरा कोणता शब्द सांगायला हवा होता हे मात्र मला अजून सापडलेले नाही, आणि मी शब्दकोशात पाहण्याइतकी भोळी नाही.

उद्या आई पुन्हा येते आहे. या वेळी वड्या जास्त आहेत. शुक्रवार अजून दूर आहे, साई. तुझी मोजणी पाठव. मला चुकीची ठरव. ते तुला जमेल असे वाटत नाही. पण जमले, तर मी रागावणार नाही.

ताई


विश्रांतवाडी
गुरुवार, १७ एप्रिल

चि. साई,

आज आशीर्वाद शेवटी. आधी वस्तुस्थिती.

गुरुवारी बाबांची सुट्टी असते आणि ते दिवसभर घरात वावरतात, म्हणून गुरुवारी मी कधी मोजत नाही. आज मोजायचे ठरवले. आईने रविवारी तुझ्याकडून काहीच आणले नव्हते, उद्या लेख प्रसिद्ध व्हायचा होता, आणि त्या वाक्याआधी मला आणखी एकदा खात्री हवी होती. आई आत गेली, मी दार लावून बाहेर बसले. जरा वेळाने ती खोळ हातात घेऊन दारात आली.

“आज बाबा जागे हायेत. मंग आज खटका तसाच राहू देऊ का?”

“कोणता खटका?”

“तो नाही का, मोरपंखीच्या कडेले. बारकुसा.”

“आई, तू त्याला हात लावतेस?”

“रोजच तं. तुले मालूम नाही? साईनंच दाखवला, आधीच्या कार्डावर. बाबा निजले असले का असा सरकवाचा, मंग आवाज बसते.”

“आणि मग?”

“मंग काय? झोपते ना मानूस.”

तुला सांगायला नको, पण स्वतःला सांगण्यासाठी लिहिते. त्या कार्डाच्या कडेवर नखाएवढा खटका आहे. एका बाजूला पूर्ण ताकद, दुसऱ्या बाजूला शांतता. शांततेकडे सरकवला की कार्ड कमी वीज घेते, पंखे हळू फिरतात, आणि वेग उतरतो. डाळिंबीला असा खटकाच नाही. म्हणजे गेले तीन आठवडे मी एका धावणाऱ्याची तुलना दुसऱ्या, तोंडावर बोट ठेवून चालणाऱ्याशी केली, आणि चालणाऱ्याला नापास केले. माहितीपत्रक बरोबर होते. आणि मला तो खटका दिसला नाही, कारण तो नेमका त्याच कडेवर आहे जी मी निष्पक्षतेसाठी झाकायला लावते. माझ्याच नियमाने चुकीवर पांघरूण घातले.

तेवढ्यात बाबा पलीकडून म्हणाले, “साई होता तवा तो परत सरकवत जाय. तुह्या मोजायच्या आधी.”

मी विचारले, “तुम्हाला कसे माहीत?”

“आवाज चढे ना. आवाज चढला का मी समजून घेवो, आता आपल्या पोरीचं, उत्कर्षाचं काम सुरू झालं. मंग तसाच पडून राहो. उठलो का भांडं वाजते, पान्याचा नळ वाजते. तुह्या कामात खोट नको.”

इतकी वर्षे मी समजत होते की बाबांची झोप गाढ आहे.

मग मी खटका पूर्ण ताकदीकडे सरकवला आणि मोजले. तिन्ही गेममध्ये मोरपंखी पुढे आहे. मंद एक टक्क्यातही. तुझे आकडे आणि माझे आकडे शेजारी ठेवले तर कुणीतरी नक्कल केली असे वाटेल. आणि हो, ते विमानासारखेच ओरडते. उपमा मंजूर आहे.

आईला सगळे समजावून सांगण्याची मला गरज नव्हती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळले. “म्हणजे माह्यामुळं माहा साई खोटा पडला?” मी नाही म्हणाले, पुन्हा पुन्हा म्हणाले, पण नाही म्हणण्याचा मला सराव आहे तो वेगळ्या स्वरातला आणि तिला त्या स्वराने दिलासा मिळत नाही. तिने दोन्ही खोळी घडी करून पेटीत ठेवल्या. “मी आता हात नाही लावत तुह्या मशिनीले,” म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळू लागली. तेव्हापासून मळतेच आहे.

खंडनाचा लेख मी नष्ट केला. उद्या त्या जागी हे प्रसिद्ध होईल: ‘धायरीहून प्रसिद्ध झालेला निकाल बरोबर आहे. आमचा चुकीचा होता. कार्डावरचा वेग बदलणारा खटका तपासणे ही मोजणाऱ्याची जबाबदारी असते, आणि मोजणारी मी होते. साईनाथ वानखडे यांच्या मोजणीबद्दल ज्यांनी शंका घेतली त्यांनी ती मागे घ्यावी. त्यांत मीही आहे.’ आईचा उल्लेख त्यात नाही आणि कधीही येणार नाही. तुझे पूर्ण नाव मी आज प्रथमच छापते आहे. छापल्यावर बरे दिसते.

दुपारभर मी एकच हिशेब करत बसले आहे. तू बसवायचास त्या काळात, बाबा निजले की तू खटका सरकवायचास, मला आत बोलावण्याआधी परत सरकवायचास, आणि याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. बोलला असतास तर मी नियम दाखवला असता. मी तुझे हरवलेले स्क्रू मोजले, उशिरा येणे मोजले, तुझे ‘सीधी बात’ मोजले. तुझा मंद एक टक्का मी बारकाईने वेगळा काढला. उरलेले नव्व्याण्णव इतके सुरळीत जात होते की ते मला दिसलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात दोन नवी कार्डे येत आहेत आणि बसवणारे कुणी नाही. पण मी त्यासाठी लिहीत नाही. कार्डे परत पाठवता येतात. बाबांनी विचारायला सांगितले होते, म्हणून विचारते. येतोस का?

पत्र बाबा स्वतः मोटारसायकलवरून आणत आहेत. त्यांना फार वेळ थांबवून ठेवू नकोस, आणि चहा दिल्याशिवाय सोडूही नकोस.

आता आशीर्वाद.

ताई


बाहेरची खोली
रविवार, २७ एप्रिल

साई,

तू दाराच्या आत आहेस आणि मी दाराच्या बाहेर, मध्ये एक फळी. तरीही लिहिते आहे. पलीकडे बाबा नुकतेच पाळीवरून येऊन झोपले आहेत, त्यामुळे बोलता येत नाही. शिवाय समोरासमोर मी ज्या गोष्टी बोलते त्यात दुरुस्त्या फार असतात, याचा पुरावा आज सकाळीच मिळाला.

तू दारात उभा होतास आणि म्हणालास, “खोळी न्यायला आलोय. धायरीत टेलर लय भाव खातो.”

आई म्हणाली, “आला का रे पोट्ट्या!” आणि मग तुझ्याकडे न पाहता म्हणाली, “खोळी नाही भेटत. मी शिवनं बंद केलं.”

“का?”

“माह्या हातानं चुकते.”

तू चप्पलही न काढता आत आलास. “आई, चूक तुझी नाहीये गं. मी अर्धंच शिकवलं तुला. सरकवायचा सांगितलं, परत सरकवायचा सांगितलंच नाही. ट्रेनिंगच बेकार होतं माझं.” मी त्या गुरुवारपासून तिला जे समजावत होते ते तू चार वाक्यांत केलेस, त्यातली दोन व्याकरणदृष्ट्या लंगडी. तिने उठून पेटी उघडली.

मग तू माझ्याकडे वळलास. “ताई, चौथी चूक माझी नव्हती. पण पहिली होती. ॲक्सिस झिरोपासून केलाय.”

“अक्ष शून्यापासून,” मी म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेल्यावर मी जीभ चावली. तू हसलास. इतक्या महिन्यांनी हसलास, आणि मला वाटले की या मुलाला आणखी काही दुरुस्त्या सांगाव्यात.

धायरीची खोली तू सोडणार नाहीस, चॅनलही चालू ठेवणार, आणि इथे फक्त रविवारी येणार, हे मी ऐकले. माझी याला हरकत आहे, पण ती माझ्या सह्य मर्यादेत बसते.

मघाशी आत नव्या कार्डाचे पंखे सुरू झाले आणि आवाज भिंतीपर्यंत चढला. बाबांची खाट करकरली. मग आवाज एकदम उतरला. आता ते घोरत आहेत. तू काय केलेस हे मला ठाऊक आहे. नियमाप्रमाणे तू आता खटका परत सरकवून दारावर टकटक करायची आणि मी आत यायचे.

टकटक करू नकोस. पद्धतीत मी आज एक कलम वाढवले आहे: मोजणी बाबा उठल्यावर. तोवर आतल्या खुर्चीत निवांत बस. आईने फडक्यात बांधून वड्या ठेवल्या आहेत, कीबोर्डपासून दूर. हे पत्र मी दाराखालून सरकवते आहे.

मी इथेच आहे.

ताई